नरक्याचा काढा आणि कॅन्सर: फिरत्या मेसेजमधल्या एकेका दाव्याला उत्तर

सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: ‘आपल्या सह्याद्रीत अमृता ऊर्फ नरक्या नावाचं झाड आहे. त्याच्या सालीची 10 ग्रॅम पूड उकळून 21 दिवस प्या, कॅन्सर मुळासकट जातो. नैसर्गिक आहे, दुष्परिणाम नाहीत. कंपन्या हेच झाड उकळून महागडी इंजेक्शनं विकतात. परसात बी टाका, तीन वर्षांत लाखो कमवा.’

यातली एक गोष्ट खरी आहे. नरक्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापासून कॅन्सरची औषधं बनतात. बाकी सगळं त्या एका खऱ्याच्या खांद्यावर बसून घरोघरी पोचतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी नाव. ‘अमृता’ हे गुळवेलीचं जुनं संस्कृत नाव. नरक्यालाही काही भागांत अमृता म्हणतात आणि इथेच घोटाळा होतो. कोणी गुळवेल उकळतं, कोणी बाजारातली भलतीच साल. नरक्या म्हणजे नोथापोडायटिस निम्मोनियाना, जुन्या पुस्तकांतला मॅपिया फेटिडा. वेल नव्हे, लहान झाड. पानं मोठी, फांदीच्या टोकाला गर्दी करून आलेली, बहुतेकदा देठाशी तिरकी. पान चुरगळलं की उग्र दर्प येतो. फुलं बारीक, पिवळट, दुर्गंधी. नाव त्या वासावरूनच पडलंय. फळ पिकलं की काळपट जांभळं. पूड झाल्यावर यातलं काहीच दिसत नाही, त्यामुळे पुडीतल्या मालाची ओळख डोळ्यांनी पटणं अशक्य.

‘काढा 21 दिवस प्या.’ इथे गणित मांडायलाच हवं. झाडाच्या सुक्या भागात कॅम्प्टोथेसिन साधारण 0.1 ते 0.3 टक्के. म्हणजे 10 ग्रॅम पुडीत 10 ते 30 मिलिग्रॅम. पण हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. एक मिलिलिटर पाण्यात दोन-तीन मायक्रोग्रॅम, बस. 200 मिलिलिटर काढा नीट गाळून घेतला तर त्यात जेमतेम अर्धा मिलिग्रॅम उतरेल. तोच गाळासकट प्यायला तर 10 ते 30 मिलिग्रॅम पोटात. एकाच पुडीचा, एकाच भांड्यातला डोस गाळणीवर अवलंबून वीस ते साठ पटींनी बदलतो! आता दवाखान्यातला हिशेब बघा. याच द्रव्यापासून केलेलं टोपोटेकॅन शिरेतून देतात तेव्हा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला दिवसाला 1.5 मिलिग्रॅम हा नेहमीचा डोस, मध्यम चणीच्या माणसाला सुमारे अडीच मिलिग्रॅम. दोन्ही रेणू वेगळे, देण्याची वाट वेगळी, म्हणून आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. पण मिलिग्रॅमच्या दशांशाने मोजायचं औषध चमच्याने मोजणं किती भयंकर आहे, हे यावरून कळावं.

आणि ते 21 दिवस. टोपोटेकॅनचं चक्रही 21 दिवसांचंच असतं, पण त्यात औषध पाच दिवस आणि विश्रांती सोळा दिवस. पांढऱ्या पेशी साधारण बाराव्या दिवसाच्या आसपास तळाला जातात, मग अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्तपेशी बनवणारा मगज, सावरते. रोजचा काढा नेमकी ही सावरायची उसंतच काढून घेतो.

‘नैसर्गिक आहे, दुष्परिणाम नाहीत.’ या द्रव्याचा इतिहासच उलट सांगतो. कॅम्प्टोथेसिन अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं काढलं; त्याची रचना 1966 साली प्रसिद्ध झाली. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. नरक्यातही तेच द्रव्य आहे हे 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं, तेही मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात. त्याच सुमाराला अमेरिकेत त्याचा पाण्यात विरघळणारा सोडियम क्षार रुग्णांना देऊन पाहिला आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या: रक्तपेशी कोसळणं, तीव्र जुलाब, मूत्राशयातून रक्तस्राव.

रक्तस्राव का, हे समजून घेण्यासारखं आहे. या रेणूच्या टोकाला लॅक्टोन नावाचं एक कडं असतं. कडं बंद असेल तरच रेणू काम करतो. पेशीतल्या टोपोआयसोमरेझ-1 या विकराला (एन्झाइमला) डीएनएवर अडकवून ठेवतो, आणि पेशी विभागायला गेली की डीएनए तुटतो. रक्त किंचित अल्कधर्मी, त्यात कडं उघडतं, रेणू अल्ब्युमिन प्रथिनाला चिकटून निकामी होतो. लघवी मात्र आम्लधर्मी असते. तिथे कडं पुन्हा बंद होतं आणि जागा झालेला रेणू मूत्राशयाचं अस्तर सोलतो. म्हणजे गाठीपाशी निष्प्रभ आणि मूत्राशयात जहाल.

‘कंपन्या हेच उकळून विकतात.’ नाही. आधी मिथेनॉलसारख्या द्रावकाने अर्क काढतात, त्यातून कॅम्प्टोथेसिन शुद्ध करतात, आणि मग रेणूच बदलतात. टोपोटेकॅनमध्ये पाण्यात विरघळेल अशी जोड दिली आहे. इरिनोटेकॅन शरीरात गेल्यावर खऱ्या औषधात बदलतं; जन्मतःच ते निचरून टाकण्याची क्षमता कमी असणाऱ्यांना त्याचा डोस कमी करावा लागतो. दोन्हींना अमेरिकेत 1996 साली मान्यता मिळाली: टोपोटेकॅन अंडाशयाच्या, तर इरिनोटेकॅन मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी. सगळ्या कॅन्सरवर चालणारं यातलं एकही नाही.

घरात कोणी हा काढा घेत असेल तर आजच थांबवा. पुडीची पिशवी टाकू नका, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणी, करून घ्या. केमो चालू असताना ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला, जुलाब थांबेनात किंवा लघवी लाल झाली तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. काढ्याचं सांगितलं तर डॉक्टर ओरडतील म्हणून लपवणारी घरं बरीच असतात. कृपा करून लपवू नका.

‘परसात बी टाका, लाखो कमवा.’ झाड जरूर लावा, त्याची गरज आहे. पण ते असं ‘टाकून’ होत नाही. नरक्या सदाहरित आणि निमसदाहरित रानातलं, सावलीतलं झाड. उघड्या कातळावर लावलं तर एप्रिल-मेच्या उन्हात पानं करपतात, खालच्या जांभ्यात मूळ उतरत नाही. आंबा-फणसाच्या पातळ सावलीत, निचऱ्याच्या उतारावर ते बरं धरतं.

बी साठवून चालत नाही. पिकलेली फळं आणली की पाण्यात वाळूबरोबर चोळून गर काढा, सावलीत निथळू द्या, दहा-बारा दिवसांच्या आत पेरा. उन्हात वाळवलेलं बी बहुतेक मरतं. वाळू, रानमाती आणि कुजलेलं शेणखत समभाग, बी एक-दीड सेंटिमीटर खोल, वर 50 टक्क्यांची शेडनेट. उगवण महिना ते तीन महिने, तीही मागेपुढे; महिन्याभरात काही दिसलं नाही म्हणून वाफा उकरणाऱ्यांचं बरंचसं बी वाया जातं. पिशवीतलं वर्षाचं रोप जूनच्या पहिल्या पावसांनंतर दीड फुटी खड्ड्यात लावा, अडीच मीटर अंतराने, एकरी सुमारे 640. बुंध्याशी पाणी साचलं तर रोप मानेत कुजतं, म्हणून खड्डा भरताना मातीचा थोडा उंचवटा ठेवा.

पैशाचं बघू. समजा एका झाडाचं पाच किलो सुकं लाकूड निघालं आणि प्रमाण 0.1 टक्के भरलं, तर कागदावर पाच ग्रॅम द्रव्य. एक किलो कॅम्प्टोथेसिनला किमान एक टन सुकं लाकूड, निष्कर्षणातली घट वेगळी. शिवाय शेजारशेजारच्या दोन झाडांत प्रमाण कित्येक पटींनी वेगळं असू शकतं. म्हणून लागवडीआधी मातृवृक्षांच्या खोडाचे नमुने वेगवेगळे, नंबर घालून, एचपीएलसी तपासणीला, म्हणजे प्रयोगशाळेत द्रव्याचं नेमकं प्रमाण मोजायला, द्या. अतिनील दिव्याखाली निळं चमकलं म्हणजे झालं, असं कोणी सांगेल; इतर अनेक द्रव्यंही निळी चमकतात. आणि तीन वर्षांत तोडण्याजोगं लाकूड होत नाही.

मूळ उपटू नका. मुळांत द्रव्य सगळ्यात जास्त, म्हणून तस्कर झाड खणूनच नेतात आणि तिथे पुन्हा काही उगवत नाही. जमिनीपासून फूटभर वर, धारदार करवतीने तिरका काप घेतला तर खुंटाला धुमारे फुटतात; त्यातले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढा. सगळ्याच झाडांना फळ धरत नाही, तेव्हा फळणारी झाडं बियांसाठी राखून ठेवा. आणि रोपं लावली त्याच वर्षी सातबाऱ्यावर नोंद करून घ्या, गावच्या जैवविविधता समितीलाही कळवून ठेवा. पुढे नाक्यावर टेम्पो अडवला की हे लाकूड रानातलं नाही, आपल्या लागवडीतलं आहे, हे त्या कागदांवरूनच दाखवता येतं.