स्टिकरचे पैसे घेता, मग बाइक चालवायची कुठे?

कॅलिफोर्नियातल्या ऑफ-रोड बाइकच्या मातीच्या रस्त्यावर आलो, तर फाटकाला साखळी, साखळीला कुलूप आणि शेजारच्या खांबावर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद: पुढील सूचनेपर्यंत बंद. तारीख नाही, कारण नाही, विचारायला फोन नंबरही नाही. अंधारात उठून ट्रेलर जोडायचा, बाइकचे पट्टे आवळायचे, पोरांना अर्धवट झोपेत मागच्या सीटवर कोंबायचं, तासन्‌तास गाडी हाकायची आणि शेवटी हे. शनिवारी तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

नकाशात हा रस्ता उघडा आहे. आदल्या रात्री वेबसाइट बघितली, तिथेही उघडाच. पावसाने माती भिजली म्हणून बंद ठेवला असता तर चकार शब्द काढला नसता. ओल्या मातीत चाकोऱ्या पडल्या की पुढे पाणी तिथूनच वाहतं आणि रस्त्याची वाट लागते, हे आम्हालाही कळतं. पण माती कोरडी ठणठणीत होती, नुसता फुफाटा उडत होता. धाकटा बूट, गुडघ्याचे पॅड, छातीवरचं कवच, हेल्मेट सगळं चढवून फाटकाशी उभा, "बाबा, उघडतील ना?" थोड्या वेळाने गणवेशातला एकजण पिकअपमधून आला. का बंद? वरून सांगितलंय. कधी उघडणार? माहीत नाही. जवळ दुसरी जागा? त्याने नाव सांगितलं ते तिथून आणखी दोन तासांवरचं. आणि जाता जाता खाली वाकून पोराच्या पन्नास सीसीच्या बाइकला स्टिकर आहे की नाही ते बघितलं! जी बाइक ट्रेलरवरून खाली उतरूनही इंचभर चालली नाही, तिचं स्टिकर. बायकोने माझा दंड घट्ट धरला म्हणून मी गप्प बसलो.

हे स्टिकर म्हणजे ऑफ-रोड गाडीच्या सरकारी नोंदणीची खूण. गाडीमागे दोन वर्षांचे ५४ डॉलर. माझी बाइक, बायकोची, दोन्ही पोरांच्या, सगळ्यांना तोच दर. शिवाय पेट्रोलवरच्या करातला ऑफ-रोड गाड्यांच्या वाटचा हिस्सा राज्याच्या ऑफ-रोड फंडात जातो, आणि बऱ्याच ठिकाणी आत शिरायचे पैसे वेगळे. तरी कधी कुरकुर केली नाही. कॅलिफोर्नियात १९७१ साली चॅपी-झीबर्ग कायदा झाला तो याच बोलीवर. चालवणाऱ्यांनी पैसे द्यायचे, सरकारने त्यातून जागा राखायच्या, रस्ते दुरुस्त करायचे, माती आणि झाडं सांभाळायची, म्हणजे लोक वाटेल तिथे घुसणार नाहीत. व्यवहार चोख होता. आमच्या बाजूने आजही चोख आहे. सायलेन्सर ९६ डेसिबलच्या आत, ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टर बसवलेला, स्टिकर दिसेल असं लावलेलं. तुमच्या बाजूचं काय?

क्लिअर क्रीक ही ऑफ-रोड गाड्यांची मोठी जागा, ती २००८ साली बंद केली. तिथल्या दगडातच अ‍ॅस्बेस्टॉस आहे, धूळ छातीत जाते, मान्य. माझ्या पोरांना मीही त्या धुळीत नेणार नाही. पण हजारो एकर एका फटक्यात गेले, त्याच्या बदल्यात दुसरीकडे तेवढी जागा द्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्याहून संताप कार्नेगी या राज्याच्या ऑफ-रोड पार्कचा. शेजारची जुन्या टेस्ला कोळसा खाणीची सुमारे ३१०० एकर जमीन नव्वदच्या दशकात घेतली ती आमच्या फंडातून, कार्नेगी वाढवायची म्हणून. वर्षानुवर्षं ती नुसती पडून. मग कोर्टकचेऱ्या, आणि २०२१ मध्ये तडजोड झाली की तिथे गाड्या चालणार नाहीत. फंडाचे पैसे परत करायचं ठरलं म्हणे. अहो, पैसे घेऊन काय करू? आज सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात तेवढी सलग जमीन त्या पैशात मिळणार आहे का? त्याच वर्षी मार्चमध्ये किनारपट्टीचा कारभार बघणाऱ्या राज्याच्या कोस्टल कमिशनने ओशनो ड्यून्स या समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवरच्या गाड्याही तीन वर्षांत थांबवायचं ठरवलं. २०२३ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला म्हणून निभावलं. दर वेळी आम्हीच का वकिलांना पैसे मोजायचे?

आणि रेड स्टिकर, म्हणजे धुराच्या नियमांत न बसणाऱ्या बाइकना मिळायचं ते! २०२२ किंवा त्यानंतरच्या मॉडेलची, त्या नियमांत न बसणारी मोटोक्रॉस (शर्यतीची) बाइक घेतलीत तर तिला साधं फिरायचं स्टिकर मिळतच नाही. ती फक्त शर्यतीला आणि शर्यतीच्या सरावाला. दुकानात मात्र विकायला बंदी नाही.

यात सगळ्यात जास्त राग येतो तो कुंपण तोडून घुसणाऱ्यांचा. ना स्टिकर, ना सायलेन्सर. कोरड्या ओढ्यांतून, विजेच्या तारांखालच्या रस्त्यांवरून, लोकांच्या घरांमागून रात्री बोंबलत जातात. रहिवासी तक्रार करतात, बरोबरच करतात. मग अधिकारी येतात आणि कुलूप कुठे घालतात? जिथे आम्ही पैसे भरून, नियम पाळून चालवतो तिथे. चोर सोडून संन्याशाला फाशी. ही पोरं कुठून उगवतात याचा विचार कुणी करतं का? शहराजवळची कायदेशीर जागा बंद झाली की ज्याच्याकडे ट्रेलर नाही तो पोरगा घरामागच्या ओढ्यातच जाणार. त्याला दंड करा, गाडी जप्त करा, पण तासाभराच्या अंतरावर एक धड जागाही द्या.

पुढच्या महिन्यात थोरल्याच्या बाइकचं नूतनीकरण आहे. पैसे भरणार, वेळेवर भरणार. पण या वेळी सोबत पत्रही जाणार आणि त्याची प्रत आमच्या आमदाराला. कार्नेगीच्या ३१०० एकरांच्या बदल्यात कुठली जमीन घेताय आणि ती कधी उघडताय, ते लेखी कळवा.