विसाव्या माणसाचा ‘हॅ’

‘वेगात विसंगती.’ लाल शाईत एवढे दोनच शब्द लिहून आमचा अर्ज परत आला. वेग माझा नव्हे, सीडीचा. वाचनालयाने कधीकाळी जुनी दैनिकं सीड्यांवर चढवून ठेवली. ती आता एका योजनेतून कुठल्याशा सर्व्हरवर जायची आहेत. अर्जात पान २ वर ‘माध्यमाचा मूळ वेग (केबीपीएस)’ आणि पान ५ वर ‘हस्तांतरणाचा वेग (केबीपीएस)’. पहिला रकाना संगणकवाल्यांचा, त्यांना सेकंदाला किती किलोबाइट ते हवं. दुसरा टेलिफोनवाल्यांचा, त्यांना किलोबिट. एका बाइटात आठ बिट. इंग्रजीत निदान बी मोठा की छोटा यावरून कळतं. आपल्याकडे सगळे बी एका उंचीचे. मी पान २ वर १५० लिहिलं, पान ५ वर १२२८.८. वेग तोच.

“तोच कसा? इथे दीडशे, तिथे बाराशे,” खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या. “आणि हा पॉइंट कशाला? सिस्टीम पॉइंट घेत नाही.”

“मॅडम, दीडशेला १०२४ नं गुणायचं, मग आठनं, आणि हजारानं भागायचं.”

“गुणायचं १०२४ नं आणि भागायचं हजारानं?” वाण्याच्या तराजूखाली चुंबक सापडल्यावर गिऱ्हाईक जसं बघतं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता संगणकवाल्यांचा किलो १०२४ चा आणि टेलिफोनवाल्यांचा १००० चा, यात माझा काय दोष?

“चौसष्टनं भागा,” मागून आवाज आला.

बाकावर एक काका बसले होते. सफारी, खिशाला दोन पेनं, मांडीवर कसल्याशा दाखल्याची फाइल. “एक्स्चेंजला होतो मी. उगीच बिट-बाइट करत बसू नका. एक माणूस फोनवर बोलतो तेव्हा सेकंदाला आठ हजार वेळा त्याचा आवाज मोजतात, दर वेळी आठ बिट. चौसष्ट हजार. म्हणजे चौसष्ट के. किती माणसं बोलतायत तेवढं बघायचं. काय आकडा तुमचा?”

“१२२८.८.”

काकांनी डोळे मिटले. “एकोणीस पॉइंट दोन. एकोणीस माणसं बोलतायत आणि विसाव्याचा नुसता ‘हॅ’ झालाय. ‘लो’ व्हायचंय. ड्राइव्ह किती एक्सचा?”

“बावन्न. म्हणजे मूळ वेगाच्या बावन्नपट.”

“हजारात दोन कमी!” काका उभेच राहिले. “अहो, गाव बोलतंय की तुमच्या सीडीत! आणि आमची दोन एमबीची लाइन म्हणजे दोन शून्य चार आठ किलोबिट. चौसष्टच्या बत्तीस खोल्या. एक घड्याळ जुळवायला, एक सिग्नलिंगला, उरलेल्या तिसात माणसं.”

“म्हणजे २५६ किलोबाइट,” मी म्हणालो.

“तुमच्या १०२४ च्या हिशेबानं २५०.” काकांनी माझ्याच हत्यारानं मला मारलं. “फ्लॉपी आहे का एखादी?”

फ्लॉपी नव्हती, पण काका थांबणाऱ्यातले नव्हते. माझ्याच अर्जाच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी गुणाकार मांडला. अख्खी फ्लॉपी एका टेलिफोनच्या वेगानं पाठवली तर १८४ सेकंद. “म्हणजे बघा, एक ट्रंककॉल! तीन मिनिटं आणि वर चार सेकंद. ते चार सेकंद ऑपरेटरच्या हातात.” खिडकीसमोरची रांग आता आमच्याकडे वळली होती आणि दोघेजण मान डोलावत होते. मी पाऊण तास उभा होतो तेव्हा माझ्यासाठी कुणी मानही वळवली नव्हती.

फ्लॉपीवरचा ‘१.४४ एमबी’ हा तर वेगळाच तमाशा. त्यातला मेगा हजाराचाही नाही आणि १०२४ चाही नाही. एकदा हजार, एकदा १०२४, असा संमिश्र विवाह. हा घोळ निस्तरायला १९९८ साली १०२४ च्या मापांना ‘किबीबाइट’, ‘मेबीबाइट’ अशी वेगळी नावं काढली. कुणाच्या तोंडी ती बसली?

बसणार तरी कशी, घोळ सोयीचा आहे. इंटरनेट विकणारा बिटांत सांगतो, कारण आकडा आठपट फुगतो. १०० म्हणून घेतलेलं कनेक्शन फाइल उतरवताना साडेबाराच्या वर सरकत नाही आणि तक्रार केली तर ‘बरोबर आहे सर’. हार्डडिस्क विकणारा हजारानं मोजतो आणि विंडोज १०२४ नं, म्हणून ५०० जीबीची डिस्क तिथे ४६५ दिसते. मापात पाप म्हणावं तर कागदोपत्री दोघेही स्वच्छ. गुणाकार-भागाकाराची हमाली गिऱ्हाईकानं करायची, आणि ती बिनचूक केली की वर ‘विसंगती’चा शेरा. मला राग शेऱ्याचा नाही; शाई लाल वापरली त्याचा आहे.

“झालं का तुमचं?” मॅडमनी दोन्ही रकान्यांत १५० टाकलं. पडद्यावर हिरवी खूण आली. “हे बघा, घेतलं सिस्टीमनं. उगाच वाढवून ठेवता.”

मी पावतीसाठी हात पुढे केला. काका मात्र खिडकीच्या गजाला धरून आत वाकले होते. “दीडशे भागिले चौसष्ट. सव्वादोन! मॅडम, सतरा माणसांचे फोन कापलेत तुम्ही!”

“पुढचे कोण आहेत?” मॅडम म्हणाल्या.