विजेंदरच्या लढतींबद्दल उदगीरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार सर,

बॉक्सर विजेंदर सिंगच्या व्यावसायिक कारकिर्दीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. तिखट लिहिलंत, पण वाचून लिहिलंत, त्यामुळे 'धन्यवाद' म्हणून पुढं जाणं बरं दिसत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सरांचे आरोप तीन. ऑलिंपिक पदक जिंकलेल्या माणसाचे विजय मी 'जोडी लावून मिळालेले' म्हणून हलके केले. गोव्यातल्या एका पराभवाचं भांडवल केलं. आणि तिसरा, जो मला खरा झोंबला: 'मराठवाड्यातल्या पोरांनी पोलीस भरतीच्या पुढं बघूच नये, असं या परभणीच्या लेखकाला वाटतं.' सरांचा पुतण्या बॉक्सिंग करतो, बारावी झाली की प्रो, म्हणजे व्यावसायिक बॉक्सर, व्हायचं म्हणतो, आणि लेखावरून घरात वाजलं.

जोडीपासून सुरुवात करतो. जत्रेतल्या कुस्त्या तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिल्या असतील. सुरुवातीला रेवड्यांवर पोरं झुंजतात, मग नारळावरच्या, मग इनामाच्या, आणि मानाची कुस्ती दिवस कलताना. कुणाशी कुणाची लावायची हे पंच आणि वस्ताद अंगलट बघून, तालीम बघून ठरवतात. नव्या पोराला पहिल्याच फडात महाराष्ट्र केसरीपुढं कुणी उभं करत नाही. तसं केलं तर लोक वस्तादाला नावं ठेवतील, पोराला नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हेच काम प्रमोटरचा, म्हणजे लढती भरवणाऱ्याचा, माणूस करतो, फक्त तिथं ते वर्षानुवर्षं चालतं आणि त्यात पैसा असतो. घरच्या बॉक्सरला चढत्या भाजणीनं प्रतिस्पर्धी द्यायचे, प्रत्येक लढतीत त्याला काहीतरी शिकायला मिळेल आणि तो मोडणार नाही, असं बघायचं. हे कौशल्याचं काम आहे, लबाडीचं नाही. लेखात मी तेच म्हटलंय.

पण मग यात दुसरी बाजूही येते, जी आपल्याकडं कुणी सांगत नाही. घरच्या बॉक्सरसमोर जो पाहुणा आणायचा, तो कोण? ब्रिटनमध्ये पीटर बकली नावाचा बॉक्सर होता. २००८ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या ३०० लढती झाल्या होत्या आणि त्यातल्या २५६ तो हरलेला होता. वाईट बॉक्सर होता म्हणून नव्हे. उगवत्या पोरांना फेऱ्यांची सवय लावायची, स्वतः फारसा मार खायचा नाही, पैसे घ्यायचे आणि पुढच्या गावी जायचं, हा त्याचा धंदा होता. त्याच्याशी खेळून गेलेल्यांतले काही पुढं जगज्जेते झाले. म्हणून नुसतं 'अमुक विजय, तमुक पराभव' वाचून व्यावसायिक बॉक्सरबद्दल काहीच कळत नाही. कुणाशी आणि कधी, हे बघावं लागतं.

आता विजेंदरची यादी तशी बघू. १० ऑक्टोबर २०१५ ला मँचेस्टरमध्ये सनी व्हाइटिंगविरुद्ध तो पहिल्यांदा व्यावसायिक रिंगमध्ये उतरला, तेव्हा तिशी पूर्ण व्हायला एकोणीस दिवस बाकी होते. २००८ चं बीजिंगचं कांस्य आणि २००९ च्या जागतिक स्पर्धेतलं कांस्य मागं पडून सहा-सात वर्षं झालेली. म्हणजे बहुतेक प्रो बॉक्सर ज्या वयात विजेतेपदाच्या पट्ट्यांसाठी लढत असतात, त्या वयात हा सुरुवात करत होता. त्या वर्षी तीन लढती, २०१६ मध्ये पाच. पहिल्या सहाही लढती त्यानं वेळेआधीच जिंकल्या, सगळ्यात लांबलेली पाचव्या फेरीपर्यंत गेली. मग जुलै २०१६ मध्ये दिल्लीच्या त्यागराज स्टेडियमवर केरी होप. हा माजी युरोपियन विजेता. त्याच्याविरुद्ध विजेंदर पहिल्यांदाच पूर्ण दहा फेऱ्या खेळला आणि डब्ल्यूबीओ या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा आशिया पॅसिफिक पट्टा जिंकला. ज्या माणसानं आयुष्यभर तीन-चार फेऱ्यांचं बॉक्सिंग केलं, त्यानं वयाच्या तिशीत तीस मिनिटांचा दम कमावला. सर, मला त्याच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, आणि लेखात मी तिला दोन परिच्छेद दिलेत. तुमच्या नजरेतून ते निसटले असावेत.

ऑगस्ट २०१७ मध्ये वरळीच्या डोमवर चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला त्यानं गुणांवर हरवलं, फार थोड्या फरकानं. (तेव्हा भारत-चीन सीमेवरचं डोकलामचं प्रकरण तापलेलं होतं. जिंकल्यावर यानं पट्टा परत देतो म्हटलं, सीमेवर शांतता राहावी म्हणून. प्रमोटरच्या पोटात गोळा आला असेल.) डिसेंबरात जयपूरला घानाचा अर्नेस्ट अमुझू. इथपर्यंत सव्वादोन वर्षांत दहा लढती.

यानंतरचं कॅलेंडर बघा. २०१८ मध्ये एकही लढत नाही. प्रमोटर बॉब एरमच्या कंपनीशी अमेरिकेतला करार झाला, मग दुखापत झाली, मग २०१९ ची लोकसभा निवडणूक लढवली आणि ती हरला. जुलै २०१९ मध्ये न्यूअर्कला एक लढत, नोव्हेंबरात दुबईत चार्ल्स अडामूविरुद्ध दुसरी. अडामू एके काळचा कॉमनवेल्थ विजेता खरा, पण चाळिशी ओलांडलेला. २०२० करोनात गेलं. आणि १९ मार्च २०२१ ला, सोळा महिन्यांच्या खंडानंतर, पस्तिशीतला विजेंदर गोव्यात कॅसिनोच्या जहाजाच्या गच्चीवर रशियाच्या आर्तिश लोप्सानपुढं उभा राहिला. हा पोरगा उंच, तरुण, आणि त्याच्याबद्दल कुणाला फारसं काही माहीत नाही. पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली आणि विजेंदर हरला.

याला मी भांडवल केलं म्हणता, तर केलं, कारण त्या एका रात्रीत आधीची तीन वर्षं दिसतात. जिममध्ये रोज घाम गाळून अंतराचा अंदाज टिकत नाही. समोरचा खरोखर मारायला आलेला असतो तेव्हाच तो टिकतो. वर्षाला पाच लढती देणारा धंदा दोन वर्षांत दोनवर आला, की बॉक्सर आतून गंजतो आणि बाहेरून त्याचा 'अपराजित' हा फलक तसाच चमकत राहतो. ऑगस्ट २०२२ मध्ये रायपूरला एलियासू सुलेला दुसऱ्या फेरीत लोळवून विजेंदरनं हिशेब तेरा-एकवर नेला. आकडा देखणाच आहे. जागतिक विजेतेपदाची लढत मात्र त्याला कधी मिळाली नाही.

आता पोलीस भरती. पहाटे परभणी-जिंतूर रस्त्यावर सोळाशे मीटरची वेळ लावत धावणारी पोरं मी बघतो, त्यांना हसणाऱ्यातला मी नाही. पण गंमत बघा. बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीत सुवर्ण जिंकून आला आणि पुढं पोलीस उपअधीक्षक झाला. नांदेडहून बिलोली-बोधन करत गेलं की निजामाबाद, तिथली निखत झरीन २०२२ आणि २०२३ ची बॉक्सिंगची जगज्जेती. तेलंगणानं तिला डीएसपी केलं. खुद्द विजेंदर प्रो झाला तेव्हा हरियाणा पोलिसांत डीएसपी होता. म्हणजे त्यानं उडी मारली ती खाली जाळं बांधून. ते जाळं हौशी बॉक्सिंगनं विणलं होतं. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या पदकांवर मिळतं. कुठल्या हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये जिंकलेल्या चार फेऱ्यांच्या लढतीवर नाही.

पैशाचंही बोलून टाकतो, कारण 'प्रो म्हणजे पैसा' हे तुमच्या पुतण्याचं वाक्य तुम्ही लिहिलंय. बिदागीतून कोचचा साधारण दहावा हिस्सा जातो, मॅनेजरचा वाटा काही ठिकाणी एक तृतीयांशापर्यंत. ब्रिटनमधल्या छोट्या कार्यक्रमांत तर नवा बॉक्सर स्वतःची तिकिटं स्वतः विकतो आणि त्यातूनच समोरच्या पाहुण्याचे पैसे निघतात. लातूरच्या गंजगोलाईत उभं राहून आपला पोरगा किती तिकिटं विकेल, याचा अंदाज तुम्हीच करा. आणि शरीराचा हिशेब वेगळाच. हौशी लढत नऊ मिनिटांची, व्यावसायिक विजेतेपदाची छत्तीस. आधी ती पंचेचाळीस मिनिटांची होती. १९८२ मध्ये लास वेगासला चौदाव्या फेरीत कोसळून डूक कू किम हा कोरियन तरुण दगावला, त्यानंतर हळूहळू पंधराच्या बारा फेऱ्या झाल्या.

तरीही पुतण्याला जायचंच असेल तर अडवू नका. आधी राष्ट्रीय पातळीवर तीन-चार वर्षं हौशी खेळू द्या. संभाजीनगरला साईचं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, केंद्र आहे, तिथं जाऊन चौकशी करा. आणि आत्ताच कुणी करार पुढं केला असेल, तर त्यात वर्षाला किमान किती लढती देणार हा आकडा छापलाय का ते बघा, एमआरआय आणि डोळ्यांच्या तपासणीचा खर्च कुणाच्या माथी आहे ते बघा, आणि दुखापतीच्या काळात करार थांबतो की चालूच राहतो तेही. लढतींचा आकडा कोरा असेल तर सही नको.