गाढवाला लेंगा, मला सायकल

ऑफिसमधल्या एका बाईने सांगितलं, इल द रे बेटावर जा, डोकं एकदम शांत होतं. बाई मूळची ला रोशेलची, म्हणजे बेटाच्या अगदी समोरची, तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण माझी आई पण येईल त्या पाहुण्याला सांगते की मुलुंडची हवा छान आहे.

१५ ऑगस्टला फ्रान्समध्ये पण सुट्टी असते (आपल्यासाठी नाही हो, मेरीमातेसाठी). ती शुक्रवारी आलेली बघून नवऱ्याने लगेच तिकिटं काढली. पॅरिसहून ट्रेनने ला रोशेल, मग बस, मग तो १९८८ सालचा जवळपास तीन किलोमीटरचा पूल. पुलावर गाड्यांना टोल पडतो पण फक्त जाताना, येताना काही नाही. मी म्हटलं, बघ, सुटका फुकट ठेवलीये. नवरा म्हणाला, झालं तुझं सुरू.

ठरलं असं होतं की काहीही बघायचं नाही, नुसतं पडून राहायचं. पण तिथे नुसतं पडायचं म्हटलं तरी पडायच्या जागेपर्यंत सायकलने जायचं असतं. अख्खं बेट सायकलवर. हिवाळ्यात सतरा-अठरा हजार वस्ती, उन्हाळ्यात लाखाच्या वर, आणि ते सगळे त्या दिवशी माझ्या पुढे नाहीतर मागे होते, पुढच्या बास्केटमध्ये पाव आणि मागच्या बास्केटमध्ये कुत्रा घेऊन.

सायकलवाल्या पोराने विचारलं, बॅटरीवाली देऊ की साधी? नवरा म्हणाला, "साधीच दे, बेट सपाट आहे."

हे वाक्य मी जपून ठेवलंय, पुढची वीस वर्षं वापरणार आहे.

सपाट आहेच, खोटं कशाला बोलू, सगळ्यात उंच जागा वीसेक मीटर, आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी त्याहून उंच असेल. पण सपाट म्हणजे वारा अडवायला मधे काही नाही, हे भूगोलाच्या बाईंनी शिकवलंच नव्हतं. बेटावरच्या सां मार्तां गावापासून टोकाचं दीपगृह जवळपास वीस किलोमीटर आणि वारा अटलांटिकवरून निघून मधे कुठेही न थांबता थेट माझ्या तोंडावर. मागून सत्तरीच्या आज्जीबाई सटासट पुढे जायच्या आणि जाताना "बोंजूर" म्हणायच्या. मी पण म्हणायचे पण "बों" झालं की दम संपायचा.

दीपगृहाचं नाव देवमाशांवरून पडलंय, म्हणे पूर्वी ते इथे किनाऱ्याला येऊन अडकायचे. मला देवमाशांचं सगळं पटलं. बांधलंय १८५४ सालचं, आत गोल जिना, पायऱ्या २५७. "आता इतकं आलोच आहोत तर" असं नवरा म्हणाला. आयुष्यातली निम्मी दुखणी या "आलोच आहोत तर" मुळे येतात.

खाली आल्यावर जेवण. श्रावण चालू, आणि हा पॅरिसमध्ये पण श्रावण पाळतो. वेटरला सांगितलं, मांस नाही, मासे पण नाहीत. त्याने खरंच मनापासून विचार केला आणि चेहरा उजळून म्हणाला, मग ऑयस्टर घ्या ना. बरोबर आहे, ते बिचारे कुठे पोहतात. शेवटी फ्राईज खाल्ल्या.

परतताना वारा पाठीवर येईल या आशेवर मी होते. नाही आला. कसा काय ते विचारू नका, मी त्या दिवशी दोन्ही दिशांनी समोरूनच वारा खाल्ला. वाटेत मिठागरं लागली, ऊन उतरलेलं, लोक शांतपणे फोटो काढत होते. एक मिठागरवाला लांब दांड्याच्या फळीने पाण्यावरचा पापुद्रा ओढून घेत होता, इतका अलगद की दुधावरची साय काढतोय वाटावं, खालचं करडं जाडं मीठ वेगळं आणि हे वरचं पांढरं वेगळं, याला मिठाचं फूल म्हणतात. खरंच सुंदर होतं. फक्त भांडुप-कांजूरची मिठागरं मी ईस्टर्न एक्स्प्रेसच्या ट्रॅफिकमधून वर्षानुवर्षं फुकट बघत आले आणि तेव्हा एकदाही काच खाली केली नाही.

दुसऱ्या दिवशी मला खुर्चीवर बसता येईना. लंगडत सां मार्तांची तटबंदी बघायला गेलो तर तिथे गाढवं. केसाळ, मोठाली, आणि पायांत चौकटीचे लेंगे! थट्टा नाही, पूर्वी मिठागरात काम करताना डास-माशा चावू नयेत म्हणून घालायचे, आता पर्यटकांसाठी घालतात. मी बराच वेळ त्या लेंग्याकडे बघत उभी होते. उभीच होते. गाढवाचा सुद्धा कामाला जुंपायच्या आधी कोणीतरी विचार केला होता.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल केला आणि मिठाची छोटीशी पिशवी दाखवली. तिने किंमत विचारली, मी थोडी कमी करून सांगितली, तरी ती गप्प झाली.

"खारट आहे ना पण?"

"हो गं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, "आणि तू अशी उभी राहून का बोलतेयस?"