"हे पार्क दमणाऱ्या माणसांसाठी नाही" या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय मी आमच्या राइड ऑपरेटरांसोबत बसून वाचला. गुडघे दुखणाऱ्या, पटकन दम लागणाऱ्या आईंना घेऊन तुम्ही आलात. रोलरकोस्टरवर त्यांना "पायऱ्या उतरता येतील का?" असं विचारलं आणि बसू दिलं नाही. दुसऱ्या राइडवर लगेच न सोडता चाळीस मिनिटांनी यायला सांगितलं. व्हीलचेअरवरून सीटवर बसवायला कुणी उचललं नाही. दुपारी आई इतक्या थकल्या की तुम्ही परत गेलात. आईंचा अपमान झाला असं तुम्हाला वाटलं, हे वाचून मला फार वाईट वाटलं. म्हणून कारणं सविस्तर सांगते.

पायऱ्यांचा प्रश्न बसण्याबद्दल नव्हता, उतरण्याबद्दल होता. रोलरकोस्टरचा रूळ टप्प्याटप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढचा टप्पा मोकळा नसेल किंवा वीज गेली, तर गाडी चढावरच थांबू शकते. बहुतेक वेळा ती पुन्हा सुरू होते. नाही झाली, तर सगळ्यांना रुळालगतच्या अरुंद पायऱ्यांवरून चालत खाली यावं लागतं. तिथे व्हीलचेअर नेता येत नाही आणि तेवढ्या उंचीवरून माणसाला उचलून आणणं दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. हा नियम मी कुणासाठीही सैल करणार नाही. आमच्या आकाशपाळण्यावर मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण वीज गेली तरी राखीव यंत्रणेने चाक फिरवून एकेक पाळणा खाली आणता येतो.

आता चाळीस मिनिटांचं. तेव्हा रांगेतल्या शेवटच्या माणसालाही तेवढंच थांबावं लागत होतं. आईंनी तो वेळ उभ्याने काढू नये, सावलीत बसून काढावा, यासाठीच परत राइडवर यायची वेळ देतो. एका जागी उभं राहणं चालण्यापेक्षाही जड जातं, हे अनेकांना ठाऊक नसतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. नुसतं उभं राहिलं की ते पायांत साचतं, पाय सुजतात, चक्कर येते. उन्हात हे आणखी वाढतं. ही वेळ घेताना आजाराचं नाव किंवा कागद आम्ही मागत नाही, "उभं राहवत नाही" एवढं पुरे.

उचलण्याबद्दलही सांगते. कुठे धरलं तर दुखतं, कोणता खांदा आखडलाय, हे सोबतच्या माणसाला माहीत असतं, आमच्या ऑपरेटरांना नाही. चुकीच्या जागी धरलं तर खांदा निखळू शकतो, वय झालेल्या माणसाची त्वचाही सोलवटते. म्हणून ते हात लावत नाहीत. पण व्हीलचेअर सीटला अगदी लावून उभी करणं, सरकायला फळी देणं आणि हवा तेवढा वेळ राइड थांबवून ठेवणं हे त्यांचं काम आहे. मागे रांग ओरडत असली तरी घाई करायची नाही, ही माझी त्यांना ताकीद आहे. एकदा बसल्यावर न उतरता दुसरी फेरीही मागता येते, कारण अशा माणसांचा खरा त्रास चढण्या-उतरण्यात असतो.

तुम्ही लिहिलंय की आई सकाळी चालत फिरल्या आणि पाय उचलेना तेव्हा व्हीलचेअर घेतली. माझं कळकळीचं सांगणं आहे, पुढच्या वेळी ती प्रवेशद्वारातच घ्या. चालता येतं त्यानेही व्हीलचेअर वापरावी. जवळचं अंतर चालावं, लांबचं बसून कापावं. दमल्यावर घेतलेल्या विश्रांतीने गेलेली ताकद लवकर भरून येत नाही; दमायच्या आधी घेतलेली विश्रांती खूप पुरते. काहींना थकवा दुसऱ्या दिवशी गाठतो, म्हणून तो दिवसही मोकळा ठेवलेला बरा. आणि ढकलणाऱ्याचाही विचार करा. आमचे उतार एकास बारा या प्रमाणात आहेत, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांब. तरी दिवसभरात हात भरून येतात. दोघांनी आलटून पालटून ढकललं तर सोपं जातं.

पुन्हा यायचं ठरलं तर आदल्या दिवशी आमच्या मदत कक्षाला फोन करा. कोणत्या राइडला किती पायऱ्या, सीट जमिनीपासून किती उंच, दांडी कुठे धरावी लागते, हे सगळं ते राइडनिहाय सांगतील. आईंना काय झेपेल ते घरी बसूनच ठरवता येईल.