रेडिएटरला हळद

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सकाळी फोटो पडला. माझ्या गाडीखालचा हिरवा ओघळ, त्याभोवती लाल गोल आणि खाली सेक्रेटरींचा मजकूर: 'ज्यांची वाहने वयोमानामुळे गळतात त्यांनी खाली ट्रे ठेवावा.' त्याखाली अंगठ्यांची रांग. वयोमानामुळे म्हणे! पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओने गाडी तपासून आणखी पाच वर्षांची नोंदणी करून दिली आहे. सेक्रेटरींची अशी तपासणी शेवटची कधी झाली, हा मेसेज मी पूर्ण टाइप केला आणि पुसला. अजून वाटतं, पाठवायला हवा होता.

वॉचमनने बिचाऱ्याने माझी बाजू घेतली. "एसीचं पाणी असेल, साहेब." मुंबईच्या दमट हवेत एसी चालला की बहुतेक गाड्यांत डाव्या सीटच्या पुढून, खालच्या नळीतून पाणी ठिबकतंच, आणि तो काही रोग नव्हे. पण ते पाणी रंगहीन, बिनवासाचं असतं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, हिरवं, गुलाबी नाहीतर निळं असतं, बोटाला बुळबुळीत लागतं, सुकलं की चिकटतं, वास गोडसर येतो. शंका असेल तर रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवायचा, सकाळी डागाचा रंग बघायचा. डागाच्या जागेवर मात्र फार विसंबू नये. गळती असते वर, आणि थेंब खालच्या पत्र्यावरून फिरत फिरत त्याला वाटेल तिथे उतरतो.

मी पुठ्ठा बघत उकिडवा बसलो होतो, तेवढ्यात तळमजल्यावरचे काका आले. काकांकडे एके काळी प्रीमियर पद्मिनी गाडी होती. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या, पण काकांची पद्मिनी अजून रोज पार्किंगमध्ये येते.

त्यांनी वाकून पुठ्ठ्यावरच्या थेंबात बोट बुडवलं आणि ते बोट सरळ जिभेकडे निघालं. मी मनगट धरलं.

"काका, विष आहे ते!"

"अरे, चाखल्याशिवाय कळणार कसं, तेल की पाणी?"

"इथिलीन ग्लायकॉल असतं त्यात. किडनी निकामी होते."

"मग सरबतासारखा रंग कशाला दिलाय मेल्यांनी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी बोट माझ्या बोनेटला पुसलं आणि निदान जाहीर केलं. "हळद टाक."

"कशात?"

"रेडिएटरात. दोन चमचे. सांगलीची असेल तर दीड."

"काका..."

"आमच्या पद्मिनीला टाकली होती. खोपोलीला गळायला लागली, हळद टाकली, अख्खा बोरघाट चढली. पुण्यापर्यंत थेंब नाही."

"आणि पुण्याच्या पुढे?"

"पुढे कुठे जायचंय? तिथेच विकली."

तेवढ्यात खिडकीतून काकू ओरडल्या, "डब्यातली हळद गाडीला मिळायची नाही! सांगून ठेवते!" काकांनी आवाज खाली आणला. "भाचीच्या लग्नातली उरलीय अर्धा किलो. ती देतो. शुभही असते." आणि माझ्या होकाराची वाट न बघता ते रेडिएटरच्या कॅपकडे वळले. इंजिन मी नुकतंच चालवून बंद केलेलं. काकांच्या हातात ओला नॅपकिन. दुसऱ्यांदा मनगट धरावं लागलं.

गरम रेडिएटरची कॅप उघडणं हा प्रकार कुणीही, कितीही अनुभवी असलं तरी, करू नये. अर्धं कूलंट, अर्धं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं. बंद कॅपखाली दाब असल्यामुळे ते 120 च्या पुढेही उकळत नाही. कॅप फिरवली की दाब जातो आणि त्याच क्षणी सगळं उकळून तोंडावर येतं. नॅपकिन ओला असो की कोरडा.

हळदीबद्दल मात्र काका अगदीच खोटं बोलत नव्हते. हळदीची पूड गरम पाण्यात फुगते आणि बारीक भोकात जाऊन बसते. पण पुडीला भोक कुठलं आणि रेडिएटरची बारीक नळी कुठली, हे कळत नाही. ती दोन्हीकडे बसते. मग गळती थांबते, गाडी तापू लागते, आणि हीटरचा कोअर, म्हणजे गाडीत आत ऊब देणारा छोटा रेडिएटर, आधी तुंबतो. बाटलीतून मिळणाऱ्या 'लीक स्टॉप'चं थोड्याफार फरकाने हेच.

यात एक गोष्ट मला खरंच खटकली. कूलंट चवीला गोड असतं आणि आमच्या पार्किंगमध्ये मांजरं आहेत. थोडंसं चाटलं तरी मांजर जातं. ग्रुपवर दिवसभर फरशीच्या डागावर चर्चा झाली, मांजरांचा म सुद्धा कुणी काढला नाही. सांडलेलं कूलंट आधी वाळू किंवा भुसा टाकून टिपून घ्यायचं, मग साबणाने धुवायचं. नुसता पाइप मारून पसरवायचं नाही. आमच्याकडे पाइपच मारला.

असो. गळती शोधायची ती इंजिन थंड असताना. कॅपवर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो बार या मापातला दाब. कॅपच्या जागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर बसवायचा, त्याच आकड्यापर्यंत दाब भरायचा, वर नाही, आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघत थांबायचं. काटा उतरतोय आणि बाहेर थेंब नाही, म्हणजे कूलंट आत कुठेतरी जातंय. डाव्या बाजूचं कार्पेट ओलं आणि काचेवर गोडसर वासाचं धुकं असेल तर हीटर कोअर. मागून न थांबणारा पांढरा धूर, ऑइल दुधाळ, रेडिएटरमध्ये बुडबुडे असतील तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, गेलंय, आणि मग खिसा सांभाळा. कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. तिथून ठिबकलं तर सील गेलंय, पंप बदला. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, त्यात एपॉक्सी भरणारे महाभाग मी पाहिलेत.

माझ्या गाडीत रेडिएटरच्या वरच्या रबरी होज पाइपच्या तोंडाशी, क्लिपखाली, फिकट हिरवी खपली धरली होती. गरम असताना रबर फुगून घट्ट बसतं, थंड झालं की आकसून ठिबकतं. म्हणून गॅरेजमध्ये गाडी कोरडी आणि सोसायटीत ओली. गॅरेजवाल्याला वाटतं मालकाला भास होतात.

जुना पाइप स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचा नाही. रेडिएटरचं तोंड प्लास्टिकचं असतं, वयाने ठिसूळ झालेलं, ते तुटलं की रेडिएटरच बदला. ब्लेडने पाइप उभा चिरून सोलायचा. तोंडावरची खपली बारीक पॉलिश पेपरने काढायची. नवी क्लिप तोंडाच्या उंचवट्याच्या मागे बसवायची, अगदी कडेला नाही.

छोट्या गाडीत एकूण चार-पाच लिटर मावतं, निम्मं कूलंट, निम्मं बॅटरीचं (डिस्टिल्ड) पाणी. गाड्या धुवायच्या नळाला बोअरचं पाणी असतं, ते नको, आत क्षार धरतात. हीटर पूर्ण गरमवर ठेवून सावकाश ओतायचं, पाइप दाबून हवा काढायची, मग कॅप न लावताच इंजिन चालू करायचं, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट ठरावीक तापमानाला उघडणारी झडप) आपोआप उघडून पातळी खाली गेली की पुन्हा भरायचं, कॅप लावायची, रेडिएटरचा पंखा दोनदा चालू-बंद होऊ द्यायचा. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पातळी बघायची, कारण उरलेली हवा रात्रीत वर येते.

पाइप आणि क्लिप घ्यायला गेलो तेव्हा दुकानाबाहेरच्या मेकॅनिकने विचारलं, "थर्मोस्टॅट काढून टाकू? मुंबईत कुठे थंडी आहे?" थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो. साधारण 82 अंशांना तो उघडतो, तोवर इंजिन लवकर गरम होऊ देतो. तो काढला की इंजिन गार राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं. मी त्याला म्हटलं, एवढा निरुपयोगी असता तर कंपनीने बसवला कशाला?

"साहेब," तो म्हणाला, "कंपनीवाले कधी सायनच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेत का?"