आरोग्याच्या हक्काला म्हणे दातच नाहीत

२०२५च्या मार्चअखेर एका स्त्रीचा प्रसूतीनंतर मृत्यू झाला, ती गर्भवती असताना पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने अनामत रक्कम मागितल्याचा आरोप झाला आणि एप्रिलमध्ये शहरात रान उठलं. तेव्हापासून सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक निरोप फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: ‘आरोग्याचा हक्क’ हे सेमिनारवाल्यांचं खेळणं आहे. राज्यघटनेत असा हक्क नाही. संयुक्त राष्ट्रांचे करार म्हणजे सदिच्छापत्रं. ते लागू असलेच तर सरकारला, खासगी हॉस्पिटलला नव्हेत. त्यातही ‘क्रमाक्रमाने’ असं लिहिलंय, म्हणजे तिजोरीत पैसे असतील तेव्हा. आणि आजवर कुणाला शिक्षा झाली ते दाखवा. खाली हात जोडलेली इमोजी, आणि सगळ्यांनी मेडिक्लेम वाढवून घ्यावा हा सल्ला.

निरोप लिहिणारा अडाणी नाही. प्रत्येक वाक्यात सत्याचा एक कण ठेवलाय, म्हणून तर तो पचतो. मेडिक्लेम घ्यायला माझी हरकत नाही. बाकीचं मात्र एकेक करून तपासलं पाहिजे.

राज्यघटनेपासून सुरुवात करू. ‘आरोग्याचा हक्क’ असं शीर्षक असलेलं कलम नाही, हे खरं. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही तो मूलभूत हक्क करायचं टाळलं. २०१५च्या मसुद्यात तशा कायद्याची भाषा होती, ती गळाली. पण कलम २१मधला जगण्याचा हक्क न्यायालयांनी कुठवर नेला, हे निरोपात सोयीस्करपणे गाळलंय. १९८९च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपघातग्रस्ताचा जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, तो सरकारी असो की खासगी. पोलिसी सोपस्कार नंतर. १९९५मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात आरोग्याला थेट कलम २१मध्ये बसवलं.

आणि १९९६चा हकीम शेख यांचा खटला. पश्चिम बंगालमधले हे शेतमजूर ८ जुलै १९९२ला रेल्वेतून पडले, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्यांना परत पाठवलं: कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी खासगी रुग्णालयात पदरचे पैसे घालून उपचार झाले. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला २५ हजारांची भरपाई द्यायला लावली आणि बजावलं की वैद्यकीय मदत देण्याची घटनात्मक जबाबदारी पैशांच्या चणचणीचं कारण सांगून टाळता येणार नाही. ‘तिजोरीत पैसे असतील तेव्हा’ या निरोपातल्या मुद्द्याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

आता सदिच्छापत्राचं. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १६ डिसेंबर १९६६ला मंजूर झाला, १९७६मध्ये अमलात आला आणि भारत १० एप्रिल १९७९ला त्यात सामील झाला. त्याचं कलम १२ म्हणतं की शारीरिक व मानसिक आरोग्याची शक्य तितकी उच्च पातळी मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. सामील होताना भारताने कलम १, ४, ७(क) आणि ८ यांवर आपली निवेदनं नोंदवली: आम्ही याचा अर्थ असा घेतो, तसा घेतो. कलम १२वर एक शब्दही नाही. सदिच्छापत्रावर सही करणारा माणूस अशा अटी टाकत बसत नाही; ज्याला बांधले जाण्याची जाणीव असते तोच टाकतो. म्हणजे दिल्लीतल्या अधिकाऱ्यांनी कागद बारकाईने वाचला होता आणि आरोग्याचं कलम जसंच्या तसं स्वीकारलं होतं.

पुढची पायरी निरोप लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊकच नसावी. १९९३चा मानवी हक्क संरक्षण कायदा हा आपल्या संसदेचा कायदा आहे. त्यात मानवी हक्कांची व्याख्या करताना घटनेबरोबर आंतरराष्ट्रीय करारांचा उल्लेख आहे, आणि करार म्हणजे कोणते हे सांगताना १९६६चा हाच करार नाव घेऊन लिहिला आहे. इथे एखादा वकील बोट ठेवेल: व्याख्येत ‘भारतातल्या न्यायालयांत बजावता येणारे’ अशी अट आहे. आहेच. पण आरोग्य कलम २१खाली बजावता येतं हे न्यायालयांनीच ठरवलंय, तेव्हा ती अट इथे पुरी होते. म्हणून राज्य मानवी हक्क आयोगाकडे उपचार नाकारल्याची तक्रार करता येते. आयोग फक्त शिफारस करू शकतो, ही त्याची मर्यादा. तरी शिफारशीवर सरकारला लेखी म्हणणं द्यावं लागतं.

न्यायालयंही करार वाचतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर १९९७मध्ये विशाखा निकाल आला, तेव्हा देशात त्याचा कायदाच नव्हता; स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या कराराचा आधार घेऊन न्यायालयाने नियम घालून दिले. २०१०मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गरीब बाळंतिणींच्या प्रकरणांत आरोग्याची आंतरराष्ट्रीय कलमं उद्धृत करून सरकारला भरपाई द्यायला लावली. एवढं लांब जायचं नसेल तर कोपऱ्यावरच्या टपरीवर जा. सिगारेटच्या पाकिटावरचं ते भेसूर चित्र आपल्याच कायद्याने छापलं जातं, पण पाकिटावर मोठा इशारा छापण्याचं बंधन जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारात आहे, आणि तो भारताने २००४मध्ये स्वीकारला.

आणि पुणेकराने तरी असं म्हणू नये की परदेशातल्या परिषदांचा इथल्या गल्लीवर परिणाम होत नाही. १८९७च्या सुरुवातीला हिंदुस्थानातल्या प्लेगच्या धास्तीने युरोपीय देशांनी व्हेनिसला खास स्वच्छता परिषद भरवली. व्यापार तुटेल या भीतीने सरकारने साथरोग कायदा केला, आणि त्या वर्षी पुण्यात घराघरांत काय झालं ते आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय नियमांना दात भरपूर होते. फक्त ते जहाजं आणि माल यांच्या बाजूचे होते, रोग्याच्या नव्हे. रोग्याला त्यात जागा मिळाली ती १९४६ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण पुण्यात मोठं दुखणं आलं की बहुतेकांची पावलं खासगीकडेच वळतात. खासगी हॉस्पिटलने करारावर सही केलेली नाही, मग त्याला काय लागू? उत्तर असं की सही केलेल्या सरकारवर तीन प्रकारची कर्तव्यं येतात: स्वतः हक्क मोडायचा नाही, दुसऱ्याला मोडू द्यायचा नाही, आणि तो मिळेल अशी व्यवस्था करायची. २०००मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने कलम १२चा अर्थ लावताना हे सविस्तर मांडलं. खासगी दवाखाना येतो तो दुसऱ्या कर्तव्यात.

हे पुस्तकी वाटत असेल तर ब्राझीलचं उदाहरण घ्या. अलीन पिमेंटेल, वय २८, सहा महिन्यांची गरोदर. नोव्हेंबर २००२मध्ये पोटदुखी आणि उलट्या घेऊन ती एका खासगी आरोग्य केंद्रात गेली, तिथून घरी पाठवली गेली. दोन दिवसांनी परत आली तेव्हा बाळाचे ठोके थांबले होते. प्रसूती झाली, वार काढायची शस्त्रक्रिया उशिरा झाली, रक्तस्राव सुरू झाला. मोठ्या रुग्णालयात हलवायला रुग्णवाहिका मिळेना. तासन्‌तास वाट पाहिली. तिथे पोचली तर सोबत कागदपत्रं नव्हती, खाट नव्हती. व्हरांड्यातच बराच काळ पडून राहिली आणि १६ नोव्हेंबरला गेली. आईने संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक समितीकडे दाद मागितली. ब्राझील सरकारचा बचाव अगदी आपल्या निरोपासारखा होता: चूक खासगी केंद्राची, आमचा काय संबंध? २०११मध्ये समितीने तो फेटाळला. सेवा खासगीकडे सोपवल्या म्हणून जबाबदारी सोपवली जात नाही. खासगी संस्थांवर नियंत्रण आणि देखरेख ठेवणं हे सरकारचंच काम, असं तिने सांगितलं. २०१४मध्ये ब्राझीलने त्या आईला भरपाई दिली.

महाराष्ट्रात या देखरेखीचे नियम अस्तित्वात आहेत, आणि खरा संताप इथेच येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने धर्मादाय रुग्णालयांसाठीची योजना १ सप्टेंबर २००६पासून लागू आहे: १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या वेगळ्या खात्यात. तातडीचा रुग्ण आला तर आधी दाखल करून घ्यायचा, जीव स्थिरावेपर्यंत उपचार द्यायचे, अनामत मागायची नाही. जमीन, कर, अशा सवलती घेतलेल्या संस्थेवर हे उपकार म्हणून लादलेलं नाही. तो सवलतीचा मोबदला आहे. नफ्यासाठी चालणाऱ्या रुग्णालयांनाही शुश्रूषागृह नोंदणीचे २०२१मध्ये सुधारलेले नियम लागू आहेत. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवायचा नाही. आपल्या शहरात यावर नजर ठेवायची ती महापालिकेच्या आरोग्य विभागाने. सनद लावलेली नसेल तर कायदा नाही असं म्हणू नये. कायदा पाळला जात नाही आणि पाळून घेणारा झोपला आहे, असं म्हणावं. दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या दारांत जातात.

‘क्रमाक्रमाने’बद्दल थोडक्यात. करारात ते आहे, पण उपलब्ध साधनांचा जास्तीत जास्त वापर करून, असंही त्याच वाक्यात आहे. भेदभाव न करणं, पावलं उचलणं, प्राथमिक उपचार, अत्यावश्यक औषधं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी यांचा किमान गाभा: यासाठी थांबायला परवानगी नाही. पाणी हा आरोग्याच्या हक्काचा भाग कसा, असं विचारणाऱ्यांनी २०२५चा जानेवारी आठवावा. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण सापडू लागले आणि संशय दूषित पाण्यावर गेला. ही गावं महापालिकेत आली २०२१मध्ये. मिळकतकराची नोटीस पाठवताना मात्र कुणी ‘क्रमाक्रमाने’ म्हणालं नव्हतं.

उरला शिक्षेचा सवाल. इथे निरोप अर्धा बरोबर आहे. व्यक्तीला थेट समितीकडे तक्रार करता यावी यासाठीचा जोडकरार २०१३पासून अमलात आहे, भारत त्यात सामील नाही. स्त्रीविषयक कराराच्या तशाच जोडकरारातही नाही, म्हणून अलीनच्या आईचा मार्ग पुण्यातल्या आईला बंद आहे. १९६६च्या करारान्वये भारताची तपासणी मे २००८मध्ये झाली आणि पुढचा अहवाल २०११मध्ये द्यायचा होता. तो मुदतीत गेला नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन कुणाला तुरुंगात टाकता येत नाही, तेही खरं. पण उत्तरदायित्व म्हणजे फक्त तुरुंग नव्हे. कोणी, कशाच्या आधारे, काय नाकारलं याचा लेखी जबाब द्यावा लागणं हेसुद्धा उत्तरदायित्व आहे, आणि रुग्णालयांना त्याचीच जास्त धास्ती असते. २००७पासून महाराष्ट्रात सरकारी आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यात पुणे जिल्हा पहिल्या पाचांत होता. जनसुनवाईत वैद्यकीय अधिकाऱ्याला गावासमोर उभं राहून औषध का नव्हतं ते सांगावं लागायचं. शिक्षा कुणालाही होत नव्हती.

तेव्हा ग्रुपवर पुढच्या वेळी हा निरोप आला तर त्याखाली कामाच्या गोष्टी लिहाव्यात. धर्मादाय रुग्णालयाने खाट नाकारली तर तक्रार धर्मादाय सहआयुक्तांकडे, सोबत निर्धन रुग्ण निधीचा हिशेब मागावा. दरपत्रक, सनद, अडवलेला मृतदेह: महापालिकेचा आरोग्य विभाग. मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एका वर्षाच्या आत. आणि या सगळ्याच्या आधी केसपेपरच्या प्रती. मागितल्यापासून ७२ तासांत त्या देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्यावा आणि तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये, कारण ७२ तास त्या शिक्क्यापासून मोजले जातात.